सावित्रीकाठच्या तीन शिष्यवृत्त्या

मुलांनो, 'शिष्यवृत्ती' हा शब्द ऐकला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? जाडजूड मार्गदर्शक, सरावाच्या प्रश्नपत्रिका, पेनाने काळे करायचे गोल आणि "शेजारच्या मुलाला मिळाली, बघ!" असं म्हणणारी आई. होय ना?

माझ्या भाचीचंही तसंच आहे. ती आठवीत शिकते आणि अलिबागला राहते. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेलो, तेव्हा स्वारी गाल फुगवून बसली होती. पुढ्यात एन.एम.एम.एस.चं पुस्तक उघडं होतं आणि डोळे मात्र खिडकीबाहेरच्या नारळीवर.

"मामा, तूच सांग," ती म्हणाली. "वर्षाला बारा हजार म्हणजे महिन्याला हजार रुपये. तेवढ्यासाठी सुट्टीत एवढा अभ्यास? नाही मिळाली शिष्यवृत्ती, तर काय मोठं बिघडणार आहे?"

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. पण उपदेश ऐकायला कुणाला आवडतो? मी म्हटलं, "पुस्तक मिट. उद्या सकाळी आपण महाडला जाऊ. वाटेत तुला तीन शिष्यवृत्त्यांची गोष्ट सांगतो. नंतर तूच ठरव."

पुस्तक मिटायला मिळतंय म्हटल्यावर ती लगेच तयार झाली!

सकाळी एस.टी. पकडण्याआधी आम्ही किनाऱ्यावर एक फेरी मारली. ओहोटी होती, त्यामुळे माणसं चालतच कुलाबा किल्ल्याकडे निघाली होती. हा किल्ला भर समुद्रात आहे. भरतीला त्याच्या चारी बाजूंनी पाणी असतं. या किल्ल्यावरूनच पूर्वी आपल्या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. 'रायगड जिल्हा' हे नाव १९८१ साली मिळालं. किनाऱ्याजवळच इथली प्रसिद्ध चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम धावू लागणार आणि त्यांच्यामुळे चुंबकाच्या नोंदी बिघडणार, म्हणून ती १९०४ साली मुंबईच्या कुलाब्याहून इथे आणली. तिच्या जुन्या इमारतीत लोखंड वापरलेलं नाही, कारण लोखंड जवळ असलं की चुंबकाची सुई खोटं बोलते.

"अलिबाग हे जिल्ह्याचं ठिकाण," मी भाचीला म्हणालो. "१९१४ साली एक अकरा वर्षांचा मुलगा शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायला इथे आला होता. थेट महाडकडून!"

"कसा आला असेल रे?"

प्रश्न बरोबर होता. तेव्हा एस.टी. नव्हती. ती १९४८ साली सुरू झाली. कोकण रेल्वे नव्हती. रोह्यापासून महाडजवळच्या वीरपर्यंत पहिली गाडी धावली ती १९९३ साली. मध्ये होते डोंगर, नद्या आणि खाड्या.

"त्याचं नाव काय?"

"ते महाडच्या जवळ गेल्यावर सांगेन," मी म्हणालो. गोष्टीतला माणूस एकदम पुढे आणायचा नसतो!

पहिली शिष्यवृत्ती : १९१२

अलिबागहून आक्षी, नागाव, चौल करत आम्ही रेवदंड्याला आलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. आक्षीला मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, इसवी सन १०१२ मधला. रेवदंड्याला पोर्तुगिजांच्या किल्ल्याची तटबंदी अजून उभी आहे. इथे कुंडलिका नदी समुद्राला मिळते. साळावचा पूल ओलांडला की एक रस्ता मुरूडला जातो आणि दुसरा रोह्याला. आम्ही रोह्याचा धरला.

रोहा म्हणजे चिंतामणराव देशमुखांचं गाव. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाड तालुक्यातल्या नाते गावी झाला, पण त्यांचं घराणं रोह्याचं. वडील वकील होते. घरी शिक्षणाचं वातावरण होतं आणि मुलगा विलक्षण हुशार. १९१२ साली तो मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याला मिळाली. हे शंकरशेट म्हणजेच नाना शंकरशेट. आपल्या देशातली पहिली आगगाडी सुरू व्हावी म्हणून ज्यांनी खटपट केली, तेच. त्यांच्या नावाच्या या शिष्यवृत्तीचा दबदबा इतका, की ती मिळवणाऱ्याचं नाव घरोघरी घेतलं जाई.

देशमुख पुढे इंग्लंडला केंब्रिजमध्ये शिकले, आय.सी.एस.च्या परीक्षेतही पहिले आले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, स्वातंत्र्यानंतर देशाचे अर्थमंत्री झाले. मुंबईच्या प्रश्नावर मतभेद झाले, तेव्हा त्यांनी १९५६ साली मंत्रिपद सोडून दिलं. आणि एवढं सगळं करून संस्कृतचं प्रेम सुटलं नाही ते नाहीच. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं.

"म्हणजे नोटेवर त्यांची सही असणार!" भाची म्हणाली.

"असायचीच. कुंडलिकेच्या काठच्या मुलाची सही साऱ्या देशाच्या खिशात!"

"मग शिष्यवृत्ती मिळाली की असं होतं, असंच तुला म्हणायचंय ना?" तिने संशयाने विचारलं.

"थांब. अजून दोन राहिल्यात."

दुसरी शिष्यवृत्ती : १९१३

रोह्याहून कोलाड आणि तिथून मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव. माणगावच्या पुढे लोणेरे लागलं. इथे १९८९ साली स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. हातात फायली घेऊन मुलंमुली फाटकातून आत-बाहेर करत होती. दुसरी गोष्ट सांगायला याहून चांगली जागा कुठली?

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, म्हणजे सावित्री नदीच्या पलीकडच्या बाजूला. अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी आणि मधून वाहते सावित्री. बाबासाहेबांचं शिक्षण मात्र साताऱ्याला आणि मुंबईला झालं. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. तेवढ्यावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बावीस वर्षांचा तरुण, परका देश आणि अभ्यासाचा असा ध्यास, की एक शिष्यवृत्ती आणि एक माणूस मिळून पुढे काय घडू शकतं ते साऱ्या जगाने पाहिलं.

भाची आता खिडकीबाहेर बघत नव्हती.

लोणेऱ्यापासून आत गोरेगावच्या बाजूला वडघर नावाचं गाव आहे. तिथे साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक आहे. स्मारक म्हटलं की आपल्याला पुतळा आणि हार आठवतो. इथे मात्र झाडीत वसलेल्या या जागेत मुलांची आणि तरुणांची शिबिरं भरतात. वेगवेगळ्या गावांची मुलं एकत्र राहतात, एका पंगतीत जेवतात, श्रमदान करतात, गाणी म्हणतात. साने गुरुजींना दुसरं कोणतं स्मारक आवडलं असतं? पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून ते १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसले होते. दार बंद असणं म्हणजे काय, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि बंद दारावरूनच आपली तिसरी गोष्ट सुरू होते.

तिसरी शिष्यवृत्ती : १९१४

महाडच्या अलीकडे दासगाव आहे. आम्ही तिथे उतरलो. पुढे सावित्रीची खाडी पसरलेली. काठाला चिखल, थोडं कांदळवन, दोन-तीन होड्या आणि पाण्यावर झुकलेला एक ढोकरी. भरतीचं पाणी समुद्रापासून इतक्या आतपर्यंत येतं. पूर्वी हे चांगलं चालतं बंदर होतं.

"आता सांग त्या मुलाचं नाव," भाची म्हणाली.

"रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३, गाव महाड तालुक्यातलं लाडवली. त्याचं आजोळ इथे, दासगावात."

दासगाव त्या काळी वेगळं गाव होतं. इंग्रजांच्या सैन्यात नोकरी करून आलेल्या महार समाजातल्या पेन्शनरांची इथे वस्ती होती. पलटणीत ही माणसं लिहायला-वाचायला शिकली होती. त्यामुळे इथल्या दलित मुलांच्या कानांवर अक्षरं लवकर पडली. रामचंद्र त्यांतलाच. अभ्यासात हुशार. १९१४ साली त्याने अलिबागला जाऊन शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि शिष्यवृत्ती मिळवली.

आता पुढचं शिक्षण महाडच्या इंग्रजी शाळेत. शिष्यवृत्ती हातात घेऊन मुलगा शाळेच्या दारात गेला आणि शाळेने त्याला प्रवेश नाकारला!

"का?" भाचीने जवळजवळ ओरडूनच विचारलं.

"कारण तो ज्या जातीत जन्मला होता, तिला त्या वेळी अस्पृश्य म्हणत. दुसरं कारण नव्हतं. परीक्षा तीच, गुण खरे, सरकारचा पैसा मंजूर. पण शाळेचं दार बंद."

ती काही वेळ बोललीच नाही. खाडीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग त्याने काय केलं? रडला?"

रडलाही असेल. अकरा वर्षांचं वय ते! पण त्याने आणखी एक गोष्ट केली, ती महत्त्वाची. त्याने कागद घेतला आणि सरकारकडे तक्रार लिहिली. मी शिष्यवृत्ती मिळवली आहे, तरी मला शाळेत घेत नाहीत. झालं! त्या तक्रारीने हालचाल झाली आणि शाळेला त्याला प्रवेश द्यावा लागला. प्रवेश मिळाला तरी इतर मुलांच्या बरोबरीने बसायला मात्र मिळालं नाही. त्याला वेगळं बसवण्यात आलं.

बघा मुलांनो, १९१२, १९१३ आणि १९१४. लागोपाठची तीन वर्षं. देशमुखांचा जन्म आणि मोऱ्यांचा जन्म तर एकाच महाड तालुक्यातला. एकाची शिष्यवृत्ती साऱ्या इलाख्यात गाजली. दुसऱ्याची शाळेच्या उंबऱ्यावर अडली. यात देशमुखांचा काही दोष नाही. त्यांची बुद्धी आणि मेहनत खरीच होती. पण मोऱ्यांची बुद्धीही खरीच होती! शिष्यवृत्ती म्हणजे पुढच्या वाटेचं भाडं. पण गाडीत चढूच दिलं नाही, तर भाडं खिशात असून काय उपयोग?

चहाचं दुकान आणि तळं

दासगावहून महाड अगदी जवळ. गावात शिरलो तेव्हा दुपार झाली होती. तहान लागली म्हणून एका हॉटेलात पाणी प्यायलो, चहा घेतला. भाची पेला खाली ठेवता ठेवता थबकली. "मामा, तेव्हा त्यांना इथे पाणी मिळालं असतं?"

नसतं मिळालं. बाजाराला, कोर्टकचेरीच्या कामाला लांबलांबच्या खेड्यांतून दलित माणसं महाडला येत. दिवसभर उन्हात हिंडत आणि घोटभर पाण्यासाठी वणवण करत. म्हणून पुढे मोरे यांच्या पुढाकाराने महाडात त्यांच्यासाठी चहाचं एक दुकान निघालं. तिथे चहा मिळे, पाणी मिळे. पण तेवढंच नाही. माणसं तिथे एकत्र बसत, सुखदुःख बोलत. अर्ज लिहून घेत, बातम्या ऐकत. आज आपण ज्याला समाजमंदिर किंवा समाजकेंद्र म्हणतो, ते आणखी वेगळं काय असतं? बसायला जागा, प्यायला पाणी आणि लिहिता येणारं एक माणूस, एवढ्यावर ते सुरू होतं.

१९२४ साली बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तेव्हा तिच्या कामात वसतिगृहं काढणं, वाचनालयं आणि अभ्यासमंडळं चालवणं हे मुद्दाम घातलं होतं. नुसता पैसा देऊन मूल शिकत नाही. त्याला राहायला खोली लागते, वाचायला दिवा लागतो आणि "चल, मी तुला सांगतो" म्हणणारं कुणीतरी लागतं. ज्यांनी स्वतः शिष्यवृत्तीवर शिक्षण घेतलं होतं, त्यांना हे नेमकं कळलं होतं.

तिथून आम्ही चवदार तळ्यावर गेलो. चौकोनी, बांधीव, शांत तळं. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा सर्वांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण कागदावरचा ठराव पाण्यापर्यंत पोहोचेना. मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ती भरवण्यासाठी धडपडणाऱ्यांत कोण होतं, सांगा पाहू? तेच रामचंद्र मोरे, आता चोवीस वर्षांचे! महाडच्या सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखे इतर समाजातले लोकही बरोबर उभे राहिले. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसं रांगेने तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली.

त्या दिवशी त्यांच्यावर हल्लाही झाला. पुढे तळ्याचा खटला चालला, तो थेट मुंबई उच्च न्यायालयात. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला आणि तळ्यावरचा सर्वांचा हक्क कायम झाला. तोवर दहा वर्षं गेली होती.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. भाचीने ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडून दिलं. महाडमध्ये आता बाबासाहेबांच्या नावाचं राष्ट्रीय स्मारक आहे. त्यात मोठं सभागृह आहे, ग्रंथालय आहे. ज्या गावात एका मुलाला वर्गात बसायला जागा नव्हती, त्याच गावात.

आजचं दार

परतीच्या गाडीत भाची बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, दमली. पण तिचं डोकं चालू होतं.

"मामा, आता तर कुणी दारात अडवत नाही. मग आमच्या वर्गातल्या दोघींनी फॉर्मच का नाही भरला?"

"तूच सांग."

"एकीच्या घरी उत्पन्नाचा दाखला काढायला कुणाला वेळ नाही. तिचे बाबा मासेमारीला जातात, आई मासे विकायला. दुसरीला वाटतं, आपल्याला जमणारच नाही. आणि मैत्रिणीच्या ताईला तर शिष्यवृत्ती मिळाली होती. पण दुसऱ्या वर्षी परत अर्ज करायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नाही. बंद झाली."

बघा, आजचं दार असं असतं. ते कुणी आपटून बंद करत नाही. ते नुसतं लोटलेलं असतं आणि उघडतं कसं ते आपल्याला माहीत नसतं.

म्हणून थोडी माहिती इथे देतो. आईबाबांनाही वाचायला द्या. एन.एम.एम.एस. ही केंद्र सरकारची योजना. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी तिची परीक्षा असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असावं लागतं. बुद्धिमत्तेचे ९० प्रश्न, शालेय विषयांचे ९० प्रश्न. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये, म्हणजे चार वर्षांत अठ्ठेचाळीस हजार! मात्र दरवर्षी संगणकावरून अर्जाचं नूतनीकरण करायचं, पहिल्याच प्रयत्नात पुढच्या वर्गात जायचं आणि बँकेचं खातं चालू ठेवायचं. याखेरीज राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. ती बरीच वर्षं चौथी-सातवीला असे, मग पाचवी-आठवीला गेली आणि २०२५ साली ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झाला. तेव्हा आपल्या वर्षाचं वेळापत्रक शाळेत विचारून घ्या. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. त्याची प्रवेश परीक्षा पाचवीत असताना द्यायची. तिथे राहणं, जेवण, पुस्तकं, शिक्षण सगळं मोफत असतं.

रात्री अलिबागला पोहोचलो. जेवण झाल्यावर बघतो तर भाची टेबलाशी. अभ्यास करते आहे असं वाटून मी पाय न वाजवता मागे गेलो. पुस्तक बंदच होतं. ती वहीच्या पानावर काहीतरी लिहीत होती. वर मथळा होता, 'उत्पन्नाचा दाखला काढायला काय काय लागतं', आणि खाली एक, दोन, तीन असे आकडे.

"ही यादी कुणासाठी?"

"तिच्यासाठी. या वर्षीची तारीख गेली, पण तिची धाकटी बहीण सातवीत आहे ना! पुढच्या वर्षी सुरुवातीपासून कागद तयार ठेवू. वाचनालयात शनिवारी बसलो तर आणखी चौघीजणी येतील." मग तिने पुस्तक जवळ ओढलं आणि म्हणाली, "आणि मामा, आता बडबड करू नकोस. माझे अजून चाळीस प्रश्न राहिलेत."

मी मुकाट्याने दिवा तिच्याकडे वळवला आणि बाहेर आलो.

मुलांनो, तुमच्या गावातही एखादं वाचनालय, समाजमंदिर किंवा देवळाचा सभामंडप असेल. संध्याकाळी तिथे दिवा लागतो का? चार मुलं एकत्र बसून अभ्यास करतात का? करत नसतील, तर सुरुवात कुणी करायची? अकरा वर्षांच्या एका मुलाने एक कागद आणि एक लेखणी घेऊन सुरुवात केली होती. तुमच्याकडे तर त्याहून कितीतरी जास्त आहे. आणि वर्गात कुणी अर्ज भरला नसेल, तर उद्या शाळेत गेल्यावर त्याला एवढंच विचारा, "का रे, तुझं काय अडलंय?"